तक्ता पाळणाऱ्याचा कसूर कोणता?

समुद्राच्या तळाशी काही काळ राहून वर आलेल्या मनुष्याच्या रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन वायूचे बुडबुडे निर्माण होऊन जो विकार उद्भवतो, ज्याला डॉक्टर मंडळी ‘डीकंप्रेशन सिकनेस’ म्हणतात आणि डायव्हिंग करणारे नुसते ‘बेंड्स’ म्हणून ओळखतात, त्याच्याविषयी आमच्या हैदराबादच्या बेगम बाजारातील सुशिक्षित घरांत एक मत इतके दृढमूल झाले आहे की त्याला हरकत घेणारा माणूसच संशयास पात्र ठरावा. खोली आणि काळ यांचा छापील तक्ता जो काटेकोर पाळतो, मनगटावरील डायव्ह कॉम्प्युटरची आज्ञा जो मोडीत नाही, त्याला हा विकार होणे शक्य नाही. आणि झालाच, तर त्याने कोठे ना कोठे नियमभंग केलेला असलाच पाहिजे, मग तो ते कबूल करो वा न करो, असे हे मत आहे. मसाले, सुका मेवा आणि भांडी यांच्या ठोक व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घरांतील मुलेमुली आज सुट्टीत मालवण-तारकर्लीला आणि अंदमानला जातात, रीतसर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्रे मिळवतात, आणि परत येताना समुद्राच्या आनंदाबरोबर हे मतही घेऊन येतात. त्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी आहोत. परंतु त्या मताशी आमचे वैर आहे, कारण त्याच्यापायी निरपराध माणसे आपले दुखणे लपवतात, आणि जो इलाज पहिल्या प्रहरात गुणकारी ठरला असता तो तिसऱ्या दिवशी बव्हंशी निष्प्रभ होऊन बसतो.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. बाजारातील मंडळी या बाबतीत जो दृष्टान्त देतात तो त्यांच्या व्यवसायाला शोभण्यासारखाच आहे. शरीर ही पेढी आणि नायट्रोजन ही उधारी; जितके खोल जाल आणि जितका वेळ तेथे राहाल तितकी उधारी वाढते, सावकाश वर येणे म्हणजे ती हप्त्याहप्त्याने फेडणे, आणि ज्याची रोजकीर्द व खतावणी जुळलेली आहे त्याच्या दारात घेणेकरी येऊन उभा राहत नाही. या दृष्टान्ताचा पूर्वार्ध शास्त्राला धरून आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर पाणबुड्याच्या अंगावर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो, आणि तितक्याच दाबाची हवा त्याला सिलिंडरातून घ्यावी लागते. त्या हवेतील सुमारे चार-पंचमांश भाग नायट्रोजनचा असतो, आणि द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या प्रमाणात असते हा विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम माणसाच्या रक्तालाही लागू आहे. ऑक्सिजन शरीर खर्च करते; नायट्रोजनचा शरीराला उपयोग नाही, म्हणून तो साठत राहतो. दाब हळूहळू उतरवला तर तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने, फुप्फुसांतून, बाहेर जातो. दाब झपाट्याने उतरला तर त्याला तेवढी सवड मिळत नाही आणि तो जागच्या जागी बुडबुड्यांच्या रूपाने प्रकट होतो.

येथवर पेढीचा हिशेब ठीक आहे. परंतु खतावणीला जे प्रामाण्य असते ते देणे किती आणि घेणे किती हे नोंदीवरून निश्चित कळते म्हणून असते, आणि तीच गोष्ट शरीराच्या बाबतीत नसते. डायव्ह कॉम्प्युटरला खोली कळते, वेळ कळते, काही यंत्रांना पाण्याचे तापमान व सिलिंडरातील दाबही कळतो. परंतु हा विशिष्ट मनुष्य, काल रात्री अपुरी झोप झालेला, बोटीवर उलट्या झाल्यामुळे अंगातील पाणी कमी झालेला, तळाशी प्रवाहाविरुद्ध दमून पोहलेला, याच्या मज्जारज्जूत किंवा खांद्याच्या सांध्यात या क्षणी किती वायू मुरला आहे, हे जगातील कोणत्याही यंत्राला दिसत नाही. यंत्र जो आकडा दाखवते तो त्या माणसाच्या शरीरात मोजलेला नसतो. दुसऱ्या अनेक शरीरांवर घेतलेल्या प्रयोगांवरून बांधलेले ते एक अनुमान असते. अनुमान उपयुक्त असते, पुष्कळदा अतिशय उपयुक्त असते. पण अनुमानाच्या आधारे कोणावर आरोप शाबीत करता येत नाही.

हे अनुमान कोठून आले हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादाही कळते. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह ब्रिटिश नौदलासाठी केलेल्या संशोधनाचा निबंध १९०८ साली प्रसिद्ध झाला, आणि आजचे सर्व तक्ते त्याचेच वंशज आहेत. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील पोलादी दाबकक्षात त्यांनी शेळ्यांना कोंडले, दाब वाढवला, निरनिराळ्या गतीने उतरवला, आणि कोणती शेळी पाय उचलून धरते, कोणती लुळी पडते, कोणती मरते, याची बारकाईने नोंद ठेवली. शरीरातील सर्व ऊती सारख्याच वेगाने वायू शोषून घेत नाहीत हे ओळखून त्यांनी पाच, दहा, वीस, चाळीस आणि पंचाहत्तर मिनिटांचे अर्धकाल असलेले पाच काल्पनिक विभाग मानले, आणि दाब एकदम निम्म्यावर आणला तरी अपाय होत नाही या निरीक्षणावरून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धती बसवली. हे विभाग काल्पनिक होते. पंचाहत्तर मिनिटांचा अवयव कोणा शेळीत किंवा माणसात कापून दाखवता येणारा नव्हता. पुढे अनुभवाने असे आढळले की थोडा वेळ घेतलेल्या बुडीसाठी हॉल्डेन यांचे तक्ते गरजेपेक्षा कडक होते आणि दीर्घ व खोल बुडीसाठी अपुरे होते. मग अमेरिकन नौदलाने ते बदलले, झुरिकचे ब्यूलमान यांनी पाचांचे सोळा विभाग करून सर्वांत मंद विभागाचा अर्धकाल सहाशे मिनिटांच्याही पलीकडे नेला, आणि आज आपल्या तरुणांच्या मनगटावरील कित्येक यंत्रांत ब्यूलमान यांचेच गणित चालते. हॉल्डेन यांनी १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरवले होते. तो पोशाख मुलाच्या अंगाला मोठा होता आणि त्यात पाणी शिरत होते. तोच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने विख्यात झाला, भारताचा नागरिक झाला, १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वरला वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचा देह आपल्या शेजारच्या काकिनाड्यातील रंगराय मेडिकल कॉलेजला देण्यात आला. ज्या घराण्याने तक्ते दिले त्याने आपली शरीरेही प्रयोगाला दिली, कारण प्रश्नाचे अंतिम उत्तर कागदावर मिळत नाही, शरीरातच मिळते, याची त्याला पुरेपूर जाणीव होती.

आता एक साधा प्रश्न विचारतो. साठ फूट खोलीवर, वाटेत न थांबता थेट वर येता यावे यासाठी जास्तीत जास्त किती वेळ राहावे? अमेरिकन नौदलाच्या अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्याने साठ मिनिटे सांगितली. हौशी डायव्हरांना शिकवल्या जाणाऱ्या पॅडी संस्थेच्या तक्त्याने पंचावन्न सांगितली. कॅनडाच्या संरक्षण खात्याच्या तक्त्याने पन्नास सांगितली. समजा, एक मनुष्य त्रेपन्न मिनिटे राहिला आणि आजारी पडला. पॅडीच्या तक्त्याप्रमाणे तो निर्दोष, कॅनडाच्या तक्त्याप्रमाणे दोषी, आणि अमेरिकन नौदलाच्या हिशेबाने तर त्याच्यापाशी सात मिनिटे शिल्लक! ज्या कायद्यात एकच कृत्य तीन दरबारांत तीन प्रकारचे ठरते, तो कायदाच नव्हे. ती जोखीम किती पत्करावी याविषयी तीन जाणत्या मंडळांनी दिलेली तीन मते आहेत. प्रत्येक मंडळाने शून्य आणि शंभर यांच्यामध्ये कोठे तरी रेषा ओढली. रेषेच्या अलीकडे धोका कमी, पलीकडे अधिक. परंतु अलीकडे धोका नाहीच असे ती रेषा ओढणाऱ्यांपैकी कोणी म्हटलेले नाही. हौशी डायव्हिंगमध्ये दर दहा हजार बुडींमागे साधारण एक ते चार जणांना हा विकार होतो असे मानले जाते, आणि त्या रुग्णांत तक्त्याच्या मर्यादेत राहिलेल्यांचा भरणा मोठा असतो.

असे का होते, याचाही उलगडा गेल्या काही दशकांत बराच झाला आहे. अल्ट्रासाऊंडच्या डॉप्लर पद्धतीने हृदयातून जाणारे बुडबुडे ऐकता येऊ लागल्यावर असे दिसून आले की तक्त्यात बसणाऱ्या अगदी सामान्य बुडीनंतरही, कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या शिरांमधून बुडबुडे वाहत असतात. ते फुप्फुसांत जाऊन तेथे गाळले जातात आणि माणूस आनंदाने जेवायला बसतो. परंतु दर चार माणसांत सुमारे एकाच्या हृदयात उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधील ते छिद्र, जे जन्मानंतर मिटायला हवे होते, पूर्ण मिटलेले नसते, आणि त्या वाटेने बुडबुडे फुप्फुसांना बगल देऊन थेट मेंदू आणि मज्जारज्जूकडे जाऊ शकतात. या छिद्राचा आणि गंभीर बेंड्सचा संबंध दाखवणारा अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना असे छिद्र आहे त्यांतील बहुतेकांना आयुष्यात ते कळतही नाही. तापमानाचेही तसेच. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच खोलीच्या व सारख्याच वेळापत्रकाच्या बुडींत तळाशी ऊबदार राहून वर येताना गारठलेल्यांना विकार पुष्कळ अधिक झाला आणि तळाशी गार राहून वर येताना ऊब मिळालेल्यांना फारच कमी, कारण ऊब असताना ऊतींना रक्त भरपूर मिळते आणि वायू लवकर आत जातो, गारठा असताना रक्तप्रवाह आखडतो आणि वायू बाहेर पडण्यास अडतो. वेळापत्रक तेच, तक्ता तोच, आणि परिणाम इतका भिन्न! यात त्या आजारी पडलेल्या पाणबुड्याचा कसूर कोणता?

आमच्या या शहराला अशा तर्कदोषाचा इतिहास आहे, आणि तो बेगम बाजारापासून चार पावलांवर घडला म्हणून येथे जरा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया करताना काही रुग्ण टेबलावरच मरत, आणि ते श्वास थांबून मरतात की हृदय थांबून, यावर युरोपात मोठा वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि येथील मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांची श्रद्धा अशी की क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करीतच नाही. श्वासावर नीट लक्ष ठेवले तर कोणीही मरू नये. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने या प्रश्नाच्या निर्णयासाठी पैसा दिला, १८८८ साली पहिला आयोग बसला, आणि १८८९ साली दुसरा. दुसऱ्यासाठी लॅन्सेटने लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून पाठवले, त्यांचा खर्च निजामाने सोसला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने निघाला. प्रयोग खोटे नव्हते, माणसेही अप्रामाणिक नव्हती. परंतु निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ असा झाला की रुग्ण दगावला तर क्लोरोफॉर्म देणाराच चुकला, कारण बरोबर दिलेले क्लोरोफॉर्म मारतच नाही. म्हणजे प्रत्येक मृत्यू हाच त्या मृत्यूतील हयगयीचा पुरावा ठरला, आणि सिद्धान्ताविरुद्ध कोणताही पुरावा उभा राहण्याची सोयच उरली नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्म हलक्या मात्रेत, म्हणजे नेमके जपून दिलेले असताना, हृदयाच्या कप्प्यांत मारक थरथर उत्पन्न करू शकते. लॉरी यांचे कार्यक्षेत्र असलेले अफझलगंजचे जुने इस्पितळ तोवर राहिले नव्हते. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या प्रलयाने, ज्या वर्षी हॉल्डेन यांचा निबंध छापला गेला त्याच वर्षी, ते उद्ध्वस्त केले होते. आज त्या परिसरात उस्मानिया इस्पितळ उभे आहे. पण ‘नियम पाळणाऱ्याला अपाय होत नाही, म्हणून अपाय झालेल्याने नियम पाळला नव्हता’ हा युक्तिवाद मात्र पुरात वाहून गेला नाही. तो आता डायव्हिंगच्या बोटीवर जाऊन बसला आहे.

त्याची फळे काय? एखादा तरुण अंदमानात पाच दिवस रोज तीन वेळा पाण्यात उतरतो, एकदाही मर्यादा ओलांडत नाही, आणि शेवटच्या संध्याकाळी त्याचा डावा खांदा आतून, बोट ठेवून दाखवता येणार नाही असा, ठणकू लागतो. हातपाय गळतात, पोटावर जांभळट जाळीसारखे चट्टे उठतात, किंवा तळपायांना मुंग्या येतात. तो कॉम्प्युटर पाहतो. कॉम्प्युटर म्हणतो सारे आलबेल. मग तो स्वतःची समजूत घालतो की हे बॅगा उचलल्याने झाले असेल. कारण बेंड्स म्हणावे तर सोबती विचारणार, ‘काय चुकलास?’ आणि त्याने तर काही चुकवलेले नाही. लघवी होईनाशी झाली, पाय लटपटू लागले, कानात घूं-घूं होऊन खोली फिरू लागली म्हणजे मग धावाधाव होते. अमेरिकन नौदलाच्या नोंदींप्रमाणे निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिले लक्षण वर आल्यापासून तीन तासांच्या आत दिसते आणि चोवीस तासांत जवळजवळ सर्वांत; म्हणजे रोग वेळेवर आपली वर्दी देत असतो, पण ती वर्दी घ्यायला कोणी तयार नसतो. सुरुवातीचा बुडबुडा हा नुसता वायू असतो. तासांमागून तास गेले म्हणजे त्याच्या भोवती रक्तातील बिंबाणू गोळा होतात, रक्तवाहिनीचे अस्तर सुजते, पलीकडच्या पेशी ऑक्सिजनवाचून मरू लागतात, आणि मग दाबकक्षात घालून बुडबुडा आकुंचित केला तरी मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

ज्या कामगारांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये दाबहवेच्या पेट्यांत बसून खणले, आणि ज्यांच्या मुख्य अभियंत्याला, वॉशिंग्टन रोबलिंग यांना, १८७२ साली याच विकाराने जन्माचे अपंग केले, त्यांच्या काळात दुखणे सांगणारा कामचुकार समजला जाई. हडसन नदीखालच्या बोगद्यात कामगारांचे मृत्यू थांबेनात तेव्हा अर्नेस्ट मॉयर या इंजिनिअरने, हैदराबादेत दुसरा आयोग बसला होता त्याच सुमारास, बोगद्याच्या तोंडाशी एक स्वतंत्र दाबकक्ष बांधला. दुखणाऱ्या माणसाला चौकशीशिवाय आत घेऊन पुन्हा दाब द्यायचा आणि तो हळूहळू उतरवायचा, एवढीच ती व्यवस्था. तिने मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. त्या दाराशी दोषनिर्णयाची कचेरी मॉयर यांनी बसवली नव्हती.

यावर आमच्या एका स्नेह्यांची हरकत विचारार्ह आहे. ते म्हणतात, ‘नियम पाळूनही विकार होतो असे तरुणांना सांगाल, तर ते नियम पाळायचेच सोडतील.’ आम्हाला मनुष्यस्वभावाचा अनुभव याच्या उलट आहे. तक्ता ही अभयाची सनद आहे असे ज्याला वाटते, तोच तिच्या शेवटच्या मिनिटापर्यंत तळाशी थांबतो. तक्ता म्हणजे धोका कमी करण्याचे एक साधन आहे हे ज्याला उमगले, तो दहा मिनिटे आधी वर येतो. नियमांविषयी आमचा आग्रह प्रतिपक्षाहून तसूभरही कमी नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या वर जाऊ देऊ नये. शेवटी पाच मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबावे, मग कॉम्प्युटर सांगो वा न सांगो. दिवसातील सर्वांत खोल बुडी आधी घ्यावी. भरपूर पाणी प्यावे. आदल्या रात्री मद्य घेऊ नये. वर आल्यावर लगेच सिलिंडर उचलण्याचे किंवा धावण्याचे श्रम करू नयेत. सलग चार-पाच दिवस डायव्हिंग चालणार असेल तर मध्ये एक दिवस कोरडा जाऊ द्यावा. यांतील प्रत्येक गोष्टीने धोका खरोखर घटतो. घटतो, नष्ट होत नाही; हे दुसरे वाक्य पहिल्यानंतर प्रत्येक वेळी उच्चारले गेले पाहिजे एवढेच आमचे म्हणणे.

हैदराबादकरांना तर एक नियम इतरांहून अधिक लागू आहे, आणि तोच आपल्याकडे सर्वाधिक मोडला जातो. समुद्रकाठी राहणारा मनुष्य डायव्ह करून घरी चालत जातो. आपण मात्र चढत घरी येतो. विमानाच्या केबिनमधील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरल्याइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश, असतो. म्हणून एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुडी किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास, आणि टप्प्याटप्प्याने थांबावे लागलेल्या बुडीनंतर १८ तासांहूनही पुष्कळ अधिक काळ विमानात बसू नये असा संकेत आहे. सकाळी मालवणला पाण्यात आणि संध्याकाळी गोव्यातील मोप्याहून विमानात, हा जो कार्यक्रम आपली मंडळी मोठ्या कुशलतेने आखतात, तो आखताना रजेचा एक दिवस वाचतो खरा, पण हा संकेत मोडला जातो. मोटारीने येणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये: आंबोलीचा घाट दोन हजार फुटांहून उंच आहे, बेळगाव त्याहूनही उंच, आणि हैदराबाद स्वतः समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांवर वसले आहे. तारकर्लीत सलग बुडी मारून त्याच दुपारी घाट चढणे म्हणजे शरीराला आणखी एक वर येणे भाग पाडणे होय, आणि या चढाची नोंद त्या दिवसाच्या तक्त्यात कोणी केलेली नसते.

येथे उलट दिशेच्या एका भ्रमाचाही निकाल लावतो. १० मार्च १९९० रोजी हुसेनसागरात बुद्धाची अखंड शिळेची प्रचंड मूर्ती तराफ्यासह बुडाली, त्यात माणसे दगावली. पुढे पाणबुड्यांच्या साह्याने ती वर काढून १ डिसेंबर १९९२ रोजी तलावातल्या चौथऱ्यावर उभी करण्यात आली, तेव्हापासून ‘पाणबुड्यांना काही होत नाही, आमच्या डोळ्यांदेखत महिनोन् महिने काम केले त्यांनी’ असे म्हणणारे वयस्क गृहस्थ आजही भेटतात. हुसेनसागर जेमतेम तीस-बत्तीस फूट खोल आहे. तीस फुटांवर माणूस सहा तासांहून अधिक राहिला तरी नौदलाचा तक्ता त्याला थेट वर येऊ देतो. मालवणच्या किल्ल्याजवळ पर्यटकांना जी पहिली ओळखीची बुडी दिली जाते तीही उथळ असते आणि तिच्यात बेंड्सचा संभव नगण्य असतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु उथळ पाण्यात दुसरा धोका उलट तीव्र असतो: दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना हवेचे आकारमान दुप्पट होते, आणि घाबरून श्वास रोखून धरलेल्या माणसाचे फुप्फुस दीड-दोन मीटरांच्या चढातही फाटून हवा रक्तात व तेथून मेंदूत जाऊ शकते. ज्याला पोहताही येत नाही त्याला पाण्यात उतरवण्यापूर्वी ‘वर येताना श्वास रोखू नका’ हे त्याच्या स्वतःच्या भाषेत, मराठीत, तेलुगूत किंवा दख्खनीत, सांगणे हे इन्स्ट्रक्टरचे पहिले कर्तव्य आहे.

तेव्हा आमची मागणी अगदी निश्चित आहे. प्रत्येक डायव्ह बोटीवर शंभर टक्के ऑक्सिजन आणि तो देता येणारा माणूस असावा. पाण्यातून वर आलेल्या प्रत्येकाला, परतीच्या वाटेवर एकदा आणि रात्रीच्या जेवणापूर्वी एकदा, खांदा, गुडघे, मुंग्या, चक्कर आणि लघवी यांविषयी ठराविक प्रश्न विचारावेत, आणि ते विचारताना त्याची खोली किंवा वेळ विचारू नये. होकार आला की त्याला आडवे निजवावे, ऑक्सिजन लावावा, शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे. ‘पुन्हा खाली जाऊन ये, बरे वाटेल’ हा जुना सल्ला कोणी देऊ नये, कारण लुळ्या पडत चाललेल्या माणसाला पुन्हा समुद्रात धाडणे हे बुडवणे आहे. वेदनाशमनासाठी नायट्रस ऑक्साइड देऊ नये, कारण तो वायू बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो. दाबकक्षाची चौकशी त्याच घटकेला सुरू करावी: मुंबईत कुलाब्याला अश्विनी या नौदल रुग्णालयालगत नौदलाची वैद्यकीय संस्था आहे, अंदमानात पोर्ट ब्लेअरला नौदलाचे रुग्णालय आहे; सौंदर्यवर्धनासाठी कापडी फुग्यात झोपवून जी ‘ऑक्सिजन थेरपी’ विकली जाते ती या कामाची नव्हे, कारण येथे १८ मीटर खोलीइतका, म्हणजे २.८ वातावरणांचा दाब आणि पावणेपाच तासांच्या आसपास चालणारा उपचार लागतो. आणि रुग्ण हैदराबादला पोहोचल्यानंतर लक्षणे दिसली, तर घरच्यांनी इस्पितळाच्या अपघात विभागात पहिले वाक्य ‘हा परवा समुद्रात डायव्ह करून आला आहे’ हेच उच्चारावे. अन्यथा तेथील तरुण डॉक्टर, ज्याने आयुष्यात समुद्रविकाराचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो, त्या लुळ्या पायांचा संबंध मणक्याच्या गादीशी आणि चक्करीचा संबंध पित्ताशी लावील, आणि त्यात त्याला बोल लावता येणार नाही. मनगटावरील कॉम्प्युटर त्या वेळी सोबत द्यावा. त्यातील नोंदी तज्ज्ञाने अवश्य तपासाव्यात, खोली किती होती, वर येण्याचा वेग काय होता, सारे पाहावे. परंतु ते रुग्णाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बसल्यानंतर आणि दाबकक्षाकडे जाणारी गाडी दारात लागल्यानंतर.